शेवटच्या घराचं तेल

आमचे घरमालक मला 'अक्का' म्हणत, आणि त्याचा राग मला पहिलं वर्षभर पुरला. मी अडतीस वर्षांची, ते सत्तरी ओलांडलेले. आणि अक्का म्हणजे थोरली बहीण! बेंगळुरूत भाजीवाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळे समोरच्या बाईला अक्काच म्हणतात, त्यात मान असतो, वय मोजलेलं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मिरजेहून आलेली, शुद्ध मराठी बोलणारी आणि गाण्याच्या तीन परीक्षा दिलेली बाई होते मी. तेव्हाचा फोटो बघितला की आता वाटतं, या बाईला कुणीतरी वेळेवर शहाणं करायला हवं होतं. ते काम शेवटी एका गाडीनं केलं.

घरमालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणे. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. मराठी त्यांच्या घरात टिकली होती, पण कानडीशी तिचा संसार झाला होता. "अक्का, स्वल्प बाहेर येऊन जावा की," असं ते म्हणत. मी लगेच सुधारणा करी, "थोडं बाहेर येऊन जा, असं म्हणतात अण्णा." ते माझ्या तोंडाकडे बघत राहत, "सरी" म्हणत, आणि वर म्हणत, "तर स्वल्प येऊन जावा." सरी म्हणजे बरं, ठीक. त्या दोन अक्षरांत ते समोरच्याला गप्प करत. त्यांना पटलं, नाही पटलं, राग आला, कंटाळा आला, सगळ्याला सरी.

इंदिरानगरात तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दोनच हॉटेलं आली होती. बाकी बंगले, नारळ आणि भुंकणारी कुत्री. आम्ही खाली, अण्णा वर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पोर्चमध्ये त्यांची गाडी: फिकी निळी, गोल पाठीची, पावसात भिजलेल्या कासवासारखी. राहायला आलो त्या आठवड्यात मी त्यांना गाडीचं पुढचं झाकण उघडून काहीतरी पुसताना बघितलं. डोकावले, तर आत इंजिनच नाही! एक जादा चाक, एक घोंगडी आणि एक लोणच्याची बरणी. मी घरात जाऊन यांना सांगितलं, "मालक वेडे आहेत. बिनइंजिनाची गाडी रोज पुसतात."

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "त्या गाडीचं इंजिन मागे असतं."

"मागे कसं असेल? मागून काय ढकलायचंय?"

"हो," हे म्हणाले.

मला वाटलं, हेही चेष्टाच करताहेत.

अण्णांच्या सवयी सांगायच्या तर दिवस जाईल. सकाळी ते इंजिनाला हाताची उलटी बाजू लावून बघत, आई तापलेल्या पोराचं कपाळ बघते तशी. गाडी बंद पडली असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "तहानली आहे" म्हणायचं. कॉफीचे दोन स्टीलचे पेले असत, एकात कॉफी आणि दुसऱ्यात इंजिनातलं तेल, आणि दोन्हींचा ते आळीपाळीनं वास घेत. मागून हाक मारली तर ओ देत नसत. मी त्याला घरमालकी म्हणत असे. आणि त्यांचा एक लांबलचक स्क्रू-ड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा. त्या मुठीवर बारीक दातांचे वळ होते. उंदीर, असं मी ठरवून टाकलं आणि त्यांना पिंजरा आणायला सांगितला. "सरी," अण्णा म्हणाले.

गणपतीत आमच्या मराठी मंडळात मी गायले. अण्णा पहिल्या रांगेत बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. नंतर त्यांनी विचारलं, "अक्का, तुम्हाला बारीक आवाज कळतात?"

"म्हणजे काय! सूर इकडचा तिकडे झाला तर मला कळतो. माझा कान तयार आहे, अण्णा."

कान तयार आहे! लोक लोणची तयार करतात, मी कान तयार केला होता.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला दार वाजलं. अण्णा हातात तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभे. "गाडी चालू करतो. मागे उभं राहून ऐकायचं. टॅपेट वाजतात काय, एवढंच सांगायचं."

टॅपेट म्हणजे काय हे मी विचारलं, ही माझी त्या वर्षातली एकमेव शहाणी गोष्ट. अण्णांनी मला गल्लीच्या नळाजवळ नेऊन समजावलं. "पाण्याची लाइन कोपऱ्यावरून येते. पहिल्या घरात धो धो पाणी. आपलं शेवटचं घर. आपल्याला काय मिळतं?"

"करंगळीएवढी धार."

"हां. या इंजिनात तेल तसं येतं. बाकीच्या गाड्यांना थंड करायला पाणी असतं, हिला नुसता वारा आणि तेल. इंजिन आडवं झोपलेलं, दोन्ही कुशींना टोकाशी बारक्या हातोड्या, तेच टॅपेट. त्या व्हॉल्व्ह दाबतात, उघड-मीट करतात. हातोड्यांपर्यंत तेल जायचं तर पोकळ काड्यांतून, लांबून, तापत तापत. शेवटच्या घराला थेंब. कोरड्या हातोड्या झिजतात, झिजल्या की टकटक वाजतात. त्यात तिसऱ्या नंबरला वारासुद्धा कमी."

"मग जास्त तेल सोडा."

"जास्त सोडलं तर पहिल्या घराचं तुटलं. खाली मुख्य दांडा फिरतो, तो कोरडा पडला की इंजिन जाम." ते नळाकडे बघत राहिले. "सगळ्यांना पुरेल आणि शेवटच्यालाही मिळेल, एवढंच करायचं आहे. वीस वर्षं झाली."

मला यातलं निम्मं कळलं आणि उरलेल्या निम्म्याला मी होकार दिला.

त्या दिवसापासून रोज तेच. रात्रभर गार झालेल्या इंजिनावर अण्णा अंधारातच टॅपेटची फट सेट करत; ते काम इंजिन गार असतानाच करायचं, कोमटसुद्धा चालत नाही. मग गाडी चालू करत आणि माझ्याकडे वळून विचारत, "आहे?"

आता खरं सांगते. मला काहीही कळत नव्हतं. त्या इंजिनाचा आवाज म्हणजे दहा बायका एकदम पोहे कांडताहेत. त्यात टकटक होती, खडखड होती, पंख्याची घरघर होती. टॅपेट त्यातला कोण? मी डोळे मिटून, मान तिरकी करून उभी राहायची, गाण्याच्या परीक्षेत तोंडी प्रश्नाला राहायची तशी, आणि म्हणायची, "आहे. थोडा आहे." एकदा तर मी त्यांना सांगितलं की आवाज काळी दोनमध्ये आहे. अण्णांनी ते वहीत लिहून घेतलं.

ते मात्र सारखे माझ्या तोंडाकडे बघत. इतकं रोखून की मी पदर सावरायला लागले. मग मी यांना म्हटलं, "मालकांची नजर मला बरी वाटत नाही." यांनी या वेळी पेपर खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि पुन्हा वर केला. मी तरीही आठ दिवस लिपस्टिक लावली नाही.

त्याच सुमारास थोरल्या अक्कांचं प्रकरण निघालं. या अण्णांच्या सख्ख्या बहीण, ब्याऐंशीच्या. देवनहळ्ळीत त्यांनी चाळीस वर्षं डॉक्टरकी केली, आणि ही निळी गाडी मुळात त्यांची. रात्री-अपरात्री बाळंतपणांना त्या हिच्यातूनच खेडोपाडी जात. आता गावाबाहेरच्या शेतांचे प्लॉट पडत होते, त्यांचं शेत आणि घर विकलं गेलं होतं, आणि दिवाळीनंतरच्या सोमवारी ताबा द्यायचा होता. इथे अण्णांकडे यायला त्या तयार होत्या, पण त्यांचा निरोप असा होता: "मी माझ्या गाडीतून आले, माझ्या गाडीतूनच जाईन. नाहीतर इथेच बसून राहीन, काय करतात बघू." त्यांच्या एका भाच्यानं टॅक्सी पाठवली, ती त्यांनी ड्रायव्हरला कॉफी पाजून परत पाठवली.

अण्णांनी वीस वर्षांचा विचार मग एका आठवड्यात आटोपला. तांब्याच्या दोन बारीक नळ्या आणल्या, इंजिनाच्या दोन कुशींना एकेक. प्रत्येकीला सुईच्या टोकाएवढी चार भोकं. मुख्य तेलाच्या वाटेतून थोडंसं तेल थेट या नळ्यांत यायचं आणि प्रत्येक हातोडीवर थेंब थेंब पडायचं.

बसवण्याआधी आयुधपूजा आली. या गावात त्या दिवशी सायकलीपासून बसपर्यंत आणि शिवणयंत्रापासून संगणकापर्यंत सगळं पुजतात. अण्णांनी केळीच्या पानावर स्क्रू-ड्रायव्हर, पाने, टॅपेटची फट मोजायच्या पत्र्याच्या पट्ट्या आणि त्या दोन नळ्या मांडल्या. म्हणाले, "अक्का, घरात बाईमाणूस नाही. हळदीकुंकू तुम्ही लावा."

मी काम कसं करते तर मनापासून. कुंकू पाण्यात कालवलं, दाटसर, आणि बोट बुडवून प्रत्येक हत्याराला टिळा. नळ्यांना टिळा लावायला सपाट जागा नव्हती. पण बारीक भोकं दिसत होती, सुबक, ओळीनं. मला वाटलं, टिळ्यासाठीच जागा केली असावी. आठ भोकं, आठ टिळे, वर दाबून, पडू नयेत म्हणून. अण्णा बघत होते. त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला. "सरी."

नंतर त्यांनी नळ्या पेट्रोलमध्ये घुसळल्या, झटकल्या, बसवल्या, आणि गाडी चालू करून माझ्याकडे वळले. "आहे?"

त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा बघितला नव्हता. म्हातारा माणूस, कपाळावर तेलाचा पट्टा, आणि परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या मुलासारखं तोंड. आवाज कालचाच होता. दहा बायका, पोहे. मी म्हटलं, "नाही!"

"नाही?"

"अजिबात नाही. एकदम मऊ."

त्यानंतर रोज माझं 'नाही'. पहिले दोन दिवस मला अपराधी वाटलं. मग मीच ते इतकं ठरवून ऐकायला लागले की मला खरोखर मऊ वाटू लागलं. सवयीनं खोटं बोलणारा निदान स्वतःला तरी फसवत नाही. मी तेही करून दाखवलं.

ताब्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, अण्णा म्हणाले, "तुम्ही बरोबर यायला पाहिजे. रस्त्यात ऐकायला."

"जा," हे म्हणाले. "तयार कान घेऊन जा."

जाताना ठीक होतं. देवनहळ्ळीला थोरल्या अक्का पायरीवर पिशव्या मांडून बसल्या होत्या, डब्यात चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीचा भात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या झाकणावर थाप दिली, घराकडे वळून एकदा बघितलं आणि पुढच्या सीटवर बसल्या. मी मागे. निघालो.

देवनहळ्ळीचा किल्ला मागे पडला, सात-आठ मैल झाले असतील. इंजिन माझ्या पाठीशीच होतं. आणि त्या दहा बायकांमधून एक बाई वेगळी निघाली. टक. टक. टक. पोह्यांत खडा लागावा तसा. मग तिचा जोर वाढला. आयुष्यात पहिल्यांदा मला टॅपेट ऐकू आला.

"अण्णा!" मी म्हटलं.

ते गाडी चालवत राहिले.

"अण्णा, वाजतंय!"

नाही. मी ओरडले, "अण्णा, थांबा!" बाजूनं जाणाऱ्या स्कूटरवाल्यानं वळून बघितलं, अण्णांनी नाही. मला काहीच समजेना. रागावले? मुद्दाम? थोरल्या अक्का शांतपणे मागे वळल्या.

"ओरडून काय उपयोग? त्याला ऐकू येत नाही. खांद्याला हात लावा."

"ऐकू येत नाही? कधीपासून?"

"चार वर्षं झाली. तुम्ही खालीच राहता ना? तुम्हाला ठाऊक नाही?"

"मग ते गाडीचा आवाज..."

"दातांनी ऐकायचा. स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा आणि मूठ दातात धरायची. हाडातून पोचतं. यंदा दात काढले, कवळी बसवली, गाडी मुकी झाली." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणून तर तुमचा कान घेतला त्यानं. मला फोन करवून सांगितलं, गाणाऱ्या बाई आहेत, देवानं पाठवल्या."

उंदीर. लिपस्टिक. घरमालकी. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं, पण नुसतं आलं, त्यातलं कुठलं आधी समजून घ्यावं ते कळेना. मी हात लांब करून अण्णांच्या खांद्यावर ठेवला.

गाडी चिंचेच्या झाडाखाली थांबली. अण्णा उतरून माझ्या समोर उभे राहिले. तोंडाकडे बघत. "आहे?"

"आहे," मी म्हटलं. "आधीपासून आहे. नळ्या बसवल्या त्या दिवसापासून. मला कळत नव्हतं, आणि तुम्ही इतके... म्हणून मी नाही म्हटलं."

त्यांनी माझे ओठ नीट वाचले. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी मला शंका आली होती. तुमचं तोंड नाही म्हणत होतं, भुवया हो म्हणत होत्या. पण नंतर भुवयासुद्धा नाही म्हणायला लागल्या."



इंजिनाला हात लावून ते म्हणाले, "गार होऊ दे." आम्ही गार होऊ दिलं. दोन तास, मग तिसरा. थोरल्या अक्कांनी आम्हा दोघांना चित्रान्न वाढलं आणि अण्णांना मोठमोठ्यानं, तोंड वासून विचारलं, "टॅक्सी बोलावू काय?" अण्णा भात खात राहिले. "बोलवत नाही हो, गंमत केली," त्या मला म्हणाल्या, "पण अंधार पडला आणि ही चालली नाही, तर मी चालत परत देवनहळ्ळीला जाईन. घराची चावी अजून माझ्याकडे आहे." त्यांनी ती कमरेतून काढून दाखवली. त्या गंमत करत नव्हत्या.

इंजिन गार झालं. अण्णा पोत्यावर आडवे झाले, उजव्या कुशीचं झाकण काढलं, खाली डब्याचं झाकण धरलं, नळी सोडवून बाहेर आणली. उजेडात धरली. चार भोकांपैकी तीनमधून आभाळ दिसत होतं. थोरल्या अक्कांनी बांगडीतली सेफ्टी पिन पुढे केली. अण्णांनी मान हलवली. भोक मोठं होईल. पहिल्या घराचं तुटेल.

मग ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.  आणि वळले तेव्हा त्यांचे गाल आत गेले होते, आणि रुमालात गुंडाळलेली कवळी त्यांनी माझ्या हातात ठेवली. कवळी तोंडात असताना जोरानं फुंकता येत नाही. घरी पोर्चमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर आणि माझ्यासमोर, त्यांनी ती कधी काढली नसती, म्हणून नळ्या नुसत्या घुसळल्या होत्या. त्यांनी नळी ओठांत धरली, उरलेली भोकं बोटांनी दाबली आणि फुंकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांच्या तळहातावर काहीतरी पडलं.

लाल. तिळाएवढं. कुंकू.

अण्णांनी ते बघितलं. मला दाखवलं. थोरल्या अक्कांना दाखवलं. मी कवळी घेऊन उभी होते. मला तर हातही तोंडावर नेता येईना.

"चांगलं दाबून लावलं होतं," अण्णा बोळक्या तोंडानं म्हणाले.

सगळं परत बसवून, टॅपेट सेट करून त्यांनी गाडी चालू केली आणि तो स्क्रू-ड्रायव्हर माझ्यापुढे धरला. कान नको, दात. मी रस्त्याच्या कडेला, नेसूची सिल्कची साडी खोचून उकिडवी बसले आणि ती मूठ दातांत धरली, नेमकी त्या जुन्या वळांवर. एक बस गेली. खिडक्यांतली सगळी माणसं बघत होती. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. बाहेरचा आवाज गेला आणि इंजिन माझ्या कवटीत आलं. अण्णा बोटांनी जागा दाखवत, मी टोक तिथे टेकवायची. एक. दोन. तीन. चार. तिसऱ्यावर मी दोनदा टेकवलं. तिथे फक्त एक मऊ, ओलसर फिरणं होतं, कुणीतरी शेजारच्या घरात ताक घुसळावं तसं.

मी मूठ दातांतून काढली. "नाही."

अण्णा माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "पुन्हा म्हणा."

"नाही, अण्णा. खरंच नाही."

"पुन्हा."

"नाही!" मला रडू येत होतं. खरं बोलत असताना भुवया कुठे ठेवायच्या असतात तेच मला आठवेना.

गाडीतून थोरल्या अक्का ओरडल्या, "निघा आता! खोटं बोलत असेल तर रस्त्यात कळेलच."

अण्णांनी कवळी मागून घेतली, पाठ करून बसवली, आणि म्हणाले, "सरी."

दिवेलागणीला आम्ही इंदिरानगरला पोचलो. थोरल्या अक्का आपल्या गाडीतून आपल्या पायांनी उतरल्या आणि ती चावी त्यांनी पुढच्या झाकणाखाली, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवून दिली. पुढची सहा वर्षं त्या वरच्या मजल्यावरून माझं गाणं ऐकून खाली निरोप पाठवत, आज एक सूर लागला होता. रोज सव्वासहाला मी स्क्रू-ड्रायव्हर दातात धरत राहिले. मात्र अण्णांनी त्या संध्याकाळी माझ्यावर विश्वास ठेवला, की फक्त उजेड संपत आला म्हणून गाडी काढली, हे मला अजून उमगलेलं नाही. थोरल्या अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्यालाही उमगलं नसेल."

आता माझ्या कानात नातीनं मशीन बसवलं आहे. नवीन घर मारतहळ्ळीला, बाहेर सारखी रहदारी. मशीन काढलं की सगळं कसं शांत. दात मात्र अजून माझेच आहेत, आणि मिक्सर बिघडला की घरात सगळे स्क्रू-ड्रायव्हर लपवतात. परवा मी जुनं एक भजन म्हटलं. म्हणून झाल्यावर नातीला विचारलं, "सुरात होतं?"

"एकदम सुरात, आजी."

मी तिच्या भुवयांकडे बघितलं.

"पुन्हा म्हण."

"एकदम सुरात!"

"सरी," मी म्हटलं.